अडकित्ता ते ओढणी: ठसाछपाईची स्वतःची पहिली नक्षी कशी घडवाल

आमच्या घरी आजीचा एक पितळी अडकित्ता आहे. मिटला की त्याच्या मुठींवरचे दोन पोपट चोचीला चोच लावून बसतात, सुपारी कातरायला उघडला की दूर जातात. लहानपणी मी तो नुसताच उघडमीट करत बसायचे. पुढे कधीतरी वाटलं, हे पोपट कापडावर आले पाहिजेत. वाटण्यापासून प्रत्यक्ष चाळीस सुती ओढण्या हातात येईपर्यंत मला जवळजवळ वर्ष लागलं. त्यातले निदान चार महिने मी कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे गेले.

उलटा क्रम म्हणजे काय, तर आधी घरी बसून देखणं चित्र काढायचं, मग कोण छापून देईल ते शोधत फिरायचं. ठसाछपाईत, म्हणजे लाकडात कोरलेल्या ठशाने कापड छापण्यात, हे चालत नाही. लाकूड, रंग आणि कापड या तिघांच्या आपापल्या अटी असतात. त्या चित्राआधी कळल्या तर चित्र सुधारतं, नंतर कळल्या तर ते फाडावं लागतं. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. तुम्ही चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं असण्याची गरज नाही. मीही घेतलेलं नाही.

आधी जवळ काय हवं

- कोऱ्या कागदाची वही, दोन पेन्सिली (एक कडक, एक मऊ), खोडरबर
- ट्रेसिंग पेपर, आलेख कागद, पट्टी, कात्री, चिकटपट्टी
- काळ्या शाईचं एक मिलिमीटर जाडीचं पेन. याहून बारीक पेन विकत घेऊच नका, कारण पुढे येईल.
- शिंप्याची टेप आणि न पुसणारं मार्कर पेन
- हिशेबाची वेगळी वही. रंग, मापं, तारखा, दिलेले पैसे, सगळं एकाच ठिकाणी.

संगणकावर चित्र काढता येत असेल तर उत्तम, पण पहिल्या नक्षीला त्याची गरज पडत नाही.

## १. एकच वस्तू घ्या आणि तिच्यासमोर बसा

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. मोबाइलवर दोनशे चित्रं साठवायची, त्यातून थोडं हे, थोडं ते उचलायचं. त्यातून तयार होणारी नक्षी दिसायला बरी असते, पण ती कुठलीच नसते. शिवाय ती चित्रं कुणाची तरी असतात.

त्यापेक्षा तुम्हाला हातात धरता येईल अशी एक वस्तू निवडा. घरातली समई, देवळाच्या खांबावरचं कमळ, जुन्या वाड्यातल्या फरशीचा चौकोन, खणाच्या चोळीचा काठ. मग तीच वस्तू निदान वीस वेळा काढा. समोरून, वरून, उघडी, मिटलेली, फक्त सावली, फक्त कडा. पहिली पाच-सहा चित्रं सगळ्यांची सारखीच येतात. दहाव्याच्या पुढे डोळा नवीन काहीतरी पकडायला लागतो. मला अकराव्या की बाराव्या चित्रात दिसलं, की उघडा अडकित्ता म्हणजे एक कोन आहे. असे चार अडकित्ते खिळ्याला खिळा लावून गोल मांडले की आठ पाकळ्यांचं फूल होतं आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक पोपट येतो. माझी सगळी नक्षी त्या एका फुलातून निघाली.

घरची वस्तू पाहून झाली की तिची भावंडं पाहायला जा. पुण्यात असाल तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय यासाठी फार मोठी ठेव आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने ते उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. दिवे, कुलपं, फण्या, पानाचे डबे, अडकित्ते, सगळ्या रोजच्या वापरातल्या वस्तू. रोजच्या वस्तूला इतकं सुंदर करावं असं कुणाला तरी वाटलं होतं, हे त्या काचेसमोर उभं राहिल्यावर जसं जाणवतं तसं फोटोत जाणवत नाही. वही घेऊन जा आणि पुरेसा वेळ काढा. छायाचित्रं काढण्याचे नियम तिकीट खिडकीवरच विचारून घ्या.

हे करताना वस्तूच्या आजूबाजूचं जगही वहीत येऊ द्या. अडकित्त्याबरोबर माझ्या वहीत विड्याचं पान आलं, कातरलेल्या सुपारीच्या आतली वेडीवाकडी रेघ आली, चुन्याची डबी आली. पुढे किनार आणि बुट्ट्या यांतूनच मिळाल्या.

## २. छापणाऱ्याला भेटा, मग चित्र पक्कं करा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मी माझं पहिलं चित्र घेऊन बगरूला गेले होते. जयपूरजवळचं हे गाव छिपा समाजाच्या ठसाछपाईसाठी ओळखलं जातं. चित्रात पोपटाच्या पंखावर केसाएवढ्या बारीक रेघा होत्या. त्यांवर मी दोन आठवडे घालवले होते. छापणाऱ्या काकांनी कागद उजेडात धरला, अंगठ्याचं नख त्या रेघांवरून फिरवलं आणि म्हणाले, "दीदी, ये लकीर लकडी में टिकेगी नहीं. और टिक गई, तो रंग भर जाएगा." मग आतून एक जुना ठसा आणून माझ्या हातात दिला. त्यातल्या बारीक रेघांमधली जागा वाळलेल्या रंगाने बुजून गेली होती आणि कापडावर तिथे नुसता डाग उमटत होता. त्यांना पुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

त्या एका दिवसात मी जे शिकले ते असं:

रेघ एक मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. दोन रेघांमधली जागा दीड मिलिमीटर तरी हवी. लाकडात रेघ म्हणजे एक उभी भिंत असते. ती फार पातळ असली तर शेकडो वेळा आपटून तुटते.

ठसा जितका मोठा तितके ठोके कमी, पण तितका तो जड आणि सगळीकडे सारखा टेकवायला अवघड. सुरुवातीला दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या आत राहा.

प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो. बाह्यरेषेचा तो रेख, आतला भराव दत्ता आणि मागची जमीन भरणारा गद. हे शब्द शिकून घ्या. कारागिराशी त्याच्या शब्दांत बोललं की निम्मे गैरसमज होतच नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंग. माझ्या चित्रात पानाचा हिरवा होता, काताचा तांबूस होता आणि चुन्याचा पांढरा. विड्याचे तीन रंग! या कल्पनेवर मी फार खूश होते. पण बगरूच्या पारंपरिक पद्धतीत काळा आणि लाल हे ठशाचे रंग. हिरवा हवा असेल तर आधी निळीत बुडवायचं आणि मग त्यावर डाळिंबाच्या सालीचा पिवळा चढवायचा. म्हणजे सगळी एक प्रक्रिया वाढली, खर्च वाढला आणि चुकण्याची शक्यताही वाढली. पहिल्याच कामात मला ते झेपलं नसतं. मी हिरवा सोडला. पान कापडाच्या रंगाचंच ठेवलं आणि त्याच्याभोवती लाल भरून घेतला. आज ती ओढणी पाहणारी बहुतेक माणसं आधी त्या पानांबद्दलच बोलतात.

जायला जमत नसेल तर निदान व्हिडिओ कॉलवर कारखाना पाहा आणि त्यांचे जुने छापलेले तुकडे टपालाने मागवा. मुंबई-पुण्यातही ठशाने छापून देणारे आहेत, ते बहुधा पिगमेंटचे तयार रंग वापरतात. मात्र एक सांभाळा. बगरू आणि सांगानेर या दोन्ही छपायांना भौगोलिक मानांकन आहे. पुण्यात छापलेल्या कापडावर 'बगरू प्रिंट' असं लिहून विकू नका.

## ३. रंगाची पद्धत निवडा

इथे दोन रस्ते आहेत.

पिगमेंट. रंग आणि त्याला धरून ठेवणारा बाइंडर एकत्र करून छापतात, वाळवतात आणि उष्णता देऊन पक्का करतात. हवा तो रंग मिळतो, छापताना दिसतो तसाच साधारण राहतो, वेळ कमी लागतो. पण रंग धाग्याच्या वर बसतो, आत शिरत नाही. मोठा भराव असला की कापड तिथे किंचित कडक लागतं. उष्णता नीट दिली नसेल तर घासून रंग उतरतो.

हिरडा, लोखंड आणि तुरटी. बगरूची जुनी पद्धत. आधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात, ते फिकट पिवळं होतं. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवून काळा रंग करतात. तो हिरड्याच्या कापडावर टेकला की तिथल्या तिथे काळा पडतो. लालाची गंमत वेगळी आहे. छापतात ती तुरटी, लाल रंग नव्हेच. तुरटीला स्वतःचा रंग नसल्याने कुठे छापलं ते दिसावं म्हणून तिच्यात गेरू घालतात. नंतर कापड धुऊन अलिझरीन या लाल रंगद्रव्याच्या पाण्यात उकळलं की फक्त तुरटी लागलेल्या जागी लाल चढतो. त्या पाण्यात धायटीची फुलंही टाकतात, म्हणजे रंग डागाडागांनी न बसता एकसारखा बसतो. आपल्या सह्याद्रीत दिसणारी तीच धायटी.

मी दुसरा रस्ता घेतला, कारण कापड मऊ राहतं आणि रंग धाग्यात मुरतो. तुम्हाला गुलाबी-निळे-मोरपंखी असे रंग हवे असतील, किंवा हाताशी दोनच महिने असतील, तर पिगमेंट घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

इथली फसगत: दुसऱ्या पद्धतीत छापून वाळत घातलेलं कापड पाहून मत बनवू नका. मला पहिला नमुना मळकट, विटकरी दिसला आणि माझा जीव खालीवर झाला. तो नुसता गेरू होता. उकळून, धुऊन, उन्हात वाळून आल्यावर त्याच जागी खोल, तेजस्वी लाल होता.

## ४. रेघ साधी करा, मग नक्षी जोडा

आता चित्राकडे परत या. एक मिलिमीटरचं पेन घ्या आणि आकार ठशाच्या खऱ्या मापात काढा. मोठा काढून नंतर लहान करू नका. लहान करताना रेघाही बारीक होतात आणि पुन्हा पहिलंच दुखणं उभं राहतं. काढलेला कागद भिंतीला लावून सहा पावलं मागे जा. ओढणी माणसाच्या अंगावर पाहिली जाते, मांडीवर घेऊन नव्हे. लांबून जे दिसत नाही ते खोडा. माझ्या पोपटाचे पंख, पिसं, पायाची बोटं सगळं गेलं. उरली ती चोच, डोळ्याचा ठिपका आणि मानेचा बाक. तेवढ्यातच पोपट ओळखू येत होता.

सुटी बुट्टी हवी असेल तर ती कशी मांडायची एवढंच ठरवावं लागतं. सरळ रांगेत, की एक रांग सोडून दुसरी अर्ध्या अंतराने सरकवून? सरकवलेली मांडणी डोळ्याला जास्त भरलेली वाटते आणि ठोक्यांचा बारीकसारीक वाकडेपणा तिच्यात लपून जातो. पहिल्यांदा तीच घ्या.

जाळ हवी असेल, म्हणजे ठशाला ठसा लागून नक्षी अखंड दिसायला हवी असेल, तर कागदावरची ही जुनी युक्ती वापरा:

चौकोनी कागदाच्या मधोमध आकार काढा, कडांपर्यंत जाऊ नका. कागद उभा बरोबर मधून कापा. डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टीने जोडा. आता तो आडवा मधून कापा, वरचा तुकडा खाली, खालचा वर. पुन्हा जोडा. मघाचा मधला आकार आता चार कोपऱ्यांत विखुरलेला दिसेल आणि मध्ये मोकळी जागा झालेली असेल. ती भरा. या कागदाच्या नऊ झेरॉक्स प्रती काढून तीन बाय तीन अशा जमिनीवर मांडा. कडा आपोआप जुळलेल्या दिसतील.

मांडल्यावर डोळे बारीक करून पाहा. कुठे आडवी पांढरी पट्टी दिसते का? कुठे एकाच जागी काळं साचलंय का? एका चौकोनात न जाणवणारी चूक नऊ चौकोनांत ओरडायला लागते. माझ्या जाळीत सुपाऱ्यांची एक तिरकी रांग पायऱ्यांसारखी वर चढत होती. एक सुपारी बोटभर सरकवली आणि ती रांग मोडली.

शेवटी ओढणीचा पूर्ण आराखडा आलेख कागदावर काढा. अंग, दोन्ही काठ, दोन्ही पदर. आणि ठोके मोजा, कारण मजुरी ठोक्यांवर चढते. अडीच मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर रुंद ओढणीवर दहा सेंटिमीटरचा ठसा खेटून मारला तर २५ गुणिले ११, म्हणजे एका रंगाला २७५ ठोके. तीन ठसे असतील तर ८२५. तीच बुट्टी दर वीस सेंटिमीटरवर एक ठेवली तर एका रंगाला साधारण ६० ठोके. मी अंगभर जाळ काढली होती. हा हिशेब मांडल्यावर जाळ फक्त पदरावर ठेवली आणि अंगावर सुट्या बुट्ट्या. दिसायलाही ओढणी हलकी झाली.

## ५. कापड: आटण्याचा हिशेब आधी करा

पहिल्या कामाला सुती मलमल किंवा कॅम्ब्रिक घ्या. रेशीम, जॉर्जेट वगैरे नंतर. घेताना पन्हा स्वतः टेपने मोजा. चव्वेचाळीस इंची म्हणून दिलेलं कापड कडा सोडून प्रत्यक्षात किती भरतं ते पाहा.

आता माझी चूक सांगते. दुकानदाराने कापड आटणार नाही असं सांगितलं, मी विश्वास ठेवला आणि बरोबर अडीच-अडीच मीटरचे तुकडे करून पाठवले. धुणं, उकळणं सगळं होऊन आलेल्या ओढण्या २३८ सेंटिमीटर भरल्या. कडा दुमडल्यावर आणखी कमी. पदराची शेवटची रांग कापडाच्या कडेवर जाऊन बसली.

म्हणून ही चाचणी करा. कापडावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन न पुसणाऱ्या पेनाने आखा. तुकडा साबणाच्या गरम पाण्यात धुवा, वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. ५० चे ४८ झाले तर कापड चार टक्के आटतं. अडीच मीटर हवे असतील तर २६० सेंटिमीटरच्या वर घ्या, शिवाय दुमडीसाठी वेगळं. उभं आणि आडवं सारखं आटत नाही, दोन्ही मापं लिहून ठेवा.

कोऱ्या कापडाला खळ असते. ती पूर्ण निघाली नाही तर हिरडा कुठे बसतो, कुठे नाही. धुणं कोण करणार, तुम्ही की छापणारा, हे आधी स्पष्ट ठरवा. आणि एकूण गरजेपेक्षा दहा टक्के कापड जास्त घ्या. नमुने, डाग, फाटका धागा यांत ते जातंच.

## ६. ठसे कोरून घ्या

ठसे बहुधा सागवानाचे असतात. गांधीनगर जिल्ह्यातलं पेथापूर हे गाव ठसे कोरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं जातं आणि जयपूरच्या परिसरातही कोरणारे आहेत. छापणाऱ्यालाच विचारा, त्याला ज्याच्या ठशांची सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्या.

कोरणाऱ्याला द्यायच्या गोष्टी: खऱ्या मापातलं काळं-पांढरं चित्र, प्रत्येक रंगाचा वेगळा कागद, सगळे कागद एकमेकांवर ठेवून जुळल्याची खूण आणि नऊ चौकोन जोडलेली एक प्रत. शेवटची प्रत फार कामाची. तीवरून कोरणाऱ्याला कळतं की नक्षी पुढच्या ठोक्याशी कुठे जुळायची आहे आणि तो ठशाच्या कोपऱ्यात जुळणीचे बारीक ठिपके त्याप्रमाणे ठेवतो.

दोन सूचना. एक, ठसा उलटा उमटतो. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर फरक पडत नाही, पण अक्षर किंवा एकाच दिशेला पाहणारा पक्षी असेल तर कागदावर 'कापडावर असं दिसलं पाहिजे' असं लिहा. दोन, ठसे आले की पाठीमागून पाहा. मोठ्या भरावाच्या ठशात आरपार भोकं असायला हवीत. त्यांतून हवा निघून जाते, नाहीतर रंग मध्ये बसत नाही. मग सपाट काचेवर ठेवून बघा. डुगडुगला तर परत करा. नवे ठसे काही दिवस तेलात मुरवतात, ती सवड तुमच्या वेळापत्रकात ठेवा.

## ७. नमुना छापा, आणि तो अर्धा कापा

मागणी देण्याआधी त्याच कापडावर, त्याच रंगात, निदान एक मीटर छापून घ्या. दुसऱ्या कापडावरचा नमुना काहीच सांगत नाही. तो दिवसाच्या उजेडात पाहा. मग धुवा. एकदा साध्या पाण्याने, एकदा साबणाने. ओल्या पांढऱ्या रुमालाने दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर छापणाऱ्याला दाखवा, पुढे जाऊ नका.

नमुना पसंत पडला की त्याचे दोन तुकडे करा. दोन्हींवर तारीख आणि सही. एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. पुढे रंगावरून मतभेद झाले तर बोलण्यापेक्षा हा तुकडा उपयोगी पडतो. पिगमेंट असेल तर एक किलो पेस्टला कोणता रंग किती ग्रॅम घातला ते त्याच वेळी वहीत लिहून घ्या.

हाताची छपाई आहे हे मात्र मनात पक्कं असू द्या. टेबलाशी उभा राहून कारागीर रंगाच्या ट्रेवर ठसा टेकवतो, डोळ्याने ठिपका जुळवतो आणि मुठीने पाठीवर मारतो. ठप, ठप. दर ठोक्याला अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. त्यावरून माल परत करू नका. रंग सांडलेला डाग, ठसा सुटलेली जागा, रांग तिरकी गेलेली, या खऱ्या चुका. कोणत्या चुकीला माल परत जाईल हे मागणीआधी लिहून एकमेकांना दाखवा.

## ८. बाहेर दाखवण्याआधी नोंदणीचा विचार करा

नमुना हातात आला की पहिली ऊर्मी होते ती इन्स्टाग्रामवर टाकायची. थांबा.

डिझाइन कायदा, २००० नुसार नक्षी नोंदवायची असेल तर ती अर्जाच्या तारखेआधी जाहीर झालेली नसावी. फोटो टाकला, प्रदर्शनात मांडली, की हा मार्ग बंद होऊ शकतो. 'कॉपीराइट तर आपोआप असतोच' यावरही विसंबू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि औद्योगिक प्रक्रियेने ती ५० हून जास्त वेळा वस्तूवर उतरवली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो.

अर्ज ऑनलाइन करता येतो. लागतं ते असं:

- फॉर्म १, वैयक्तिक अर्जदाराला १,००० रुपये शुल्क
- नक्षीची स्पष्ट चित्रं, त्यांवर नावीन्य कशात आहे ते सांगणारं निवेदन
- वर्ग: छापील कापड म्हणून वर्ग ५, तयार वस्त्र म्हणून वर्ग २
- नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व. वकील नेमला असेल तर मुखत्यारपत्र

नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे पाच वर्षं वाढवता येते. पारंपरिक मोर, कोयरी किंवा अडकित्ता यांवर कुणाचीच मालकी नाही. नोंदते ती तुमची विशिष्ट मांडणी. प्रत्येक नक्षीला हे करायलाच हवं असं नाही, पण करायचं असेल तर क्रम हाच.

## ९. हिशेब आणि मागणी

एका ओढणीची किंमत काढताना ठशांचा खर्च सगळ्या नगांत वाटा. समजा ठशांना ६,००० रुपये लागले आणि तुम्ही ४० ओढण्या करताय, तर नगामागे १५०. दहाच केल्या तर ६००. म्हणूनच फार थोडे नग परवडत नाहीत. यावर कापड (आटणं आणि वाया जाणं धरून), धुणं, छपाई, शिलाई, वाहतूक आणि तुमचा स्वतःचा वेळ. शेवटची गोष्ट नवी माणसं शून्य धरतात. पुढची नक्षी काढायला बळ त्यातूनच येतं, म्हणून ती लिहाच.

कारागिराशी मजुरीची घासाघीस करू नका. दर परवडत नसेल तर ठोके कमी करा, रंग कमी करा, रुंदी कमी करा. वर २७५ चे ६० केले तसे. हे काम दिवसभर उभं राहून करायचं आहे, त्या मनगटाची किंमत कापू नका.

मागणी कागदावर द्या, व्हॉट्सॲपवर चालेल पण एकाच संदेशात: नग, तयार माप, रंग, नमुन्याची तारीख, आगाऊ रक्कम, माल देण्याची तारीख.

तारखेबद्दल एक कळकळीचं सांगणं. ही छपाई उन्हावर चालते. पावसाळ्यात कापड वाळत नाही, काम मंदावतं. दिवाळीला ओढण्या हव्या असतील तर नमुना चैत्रात पसंत झालेला आणि सगळा माल मृगाच्या आधी छापून झालेला हवा. आषाढात फोन करून घाई केलीत तर ओलसर कापडावर काम होईल आणि रंग पसरेल.

## १०. माल आल्यावर

गठ्ठा उघडला की त्याच दिवशी प्रत्येक नग खिडकीसमोर धरून पाहा, मोजा, नमुन्याच्या तुकड्याशी ताडा. तक्रार असेल तर दोन दिवसांत फोटोसह कळवा. प्रत्येक ओढणीबरोबर धुण्याची सूचना द्या: पहिल्यांदा वेगळी, थंड पाण्यात, सावलीत वाळवा.

ठसे तुमचे आहेत हे पावतीवर लिहून घ्या. छापणाऱ्याकडे ठेवणार असाल तर तसंही लिहा. घरी आणणार असाल तर रंग वाळून बसण्याआधी ब्रशने धुवा, सावलीत वाळवा, हलकं तेल लावा आणि नक्षी वर करून ठेवा, एकावर एक रचू नका. माझे पाच ठसे आजीच्या पानाच्या डब्याशेजारी फडताळात आहेत. वर्षातून दोनदा तेल लावायला काढते तेव्हा आजी रेखेच्या ठशावरून बोट फिरवते, पोपटाची चोच शोधते आणि म्हणते, "यंदा हिरवा कर." डाळिंबाच्या साली वाळत घातल्या आहेत.